जे राहून गेलं ते कुठेच लिहिलेलं नसतं

रात्रपाळी, पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, साठच्या वर रुग्ण आणि ड्युटीवर दोन सिस्टर. सरकारी रुग्णालयात नोकरी केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. मलाही आता वाटत नाही, आणि त्याचाच मला राग येतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे मेडिकल कॉलेजच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक.

अशा रात्री आधी काय होतं? इंजेक्शनं, सलाईन, नवीन ॲडमिशन, अत्यवस्थ रुग्णाचं बीपी. ते व्हायलाच हवं, आणि सकाळच्या राउंडला विचारतातही तेच. मागे पडतं ते पक्षाघाताच्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंडाची स्वच्छता, पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली याची नोंद, घरी जाणाऱ्याला इन्सुलिन कसं घ्यायचं ते नीट समजावणं. घाबरलेल्या माणसाशी दोन शब्द बोलणं तर पार शेवटी. मिशिगन विद्यापीठाच्या बिअ‍ॅट्रिस कॅलिश यांनी 2006 साली परिचारिकांशी बोलून नेमकी हीच कामं नोंदवली होती. इंग्लंडमधल्या 2014 च्या अभ्यासात 86 टक्के परिचारिकांनी सांगितलं की मागच्या पाळीत वेळेअभावी निदान एक तरी काम राहिलं. रुग्णाशी बोलणं, धीर देणं राहून गेलं असं म्हणणाऱ्या 66 टक्के होत्या. वेदनाशमन राहिलं म्हणणाऱ्या फक्त 7 टक्के. म्हणजे तिथेही हीच उतरंड.

आपल्याकडे मात्र हे दिसतच नाही, कारण नातेवाईक ते भरून काढतात. गावाहून आलेली सून सासऱ्यांना नाकातल्या नळीतून दूध घालते. डोक्याकडची बाजू उंच न करता घातलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं, हे तिला कुणी शेजारी उभं राहून शिकवलेलं नसतं. शिकवायचं कुणी? दोघींपैकी एक सिस्टर नव्या पेशंटपाशी आणि दुसरी औषधांच्या ट्रॉलीवर. आणि ज्याच्या उशाशी कुणीच नाही, पोलिसांनी आणून सोडलेला, नाव-गाव ठाऊक नसलेला, त्याची कूस कोण बदलणार? एकाच कुशीवर पडून पाठीला जखम झालेली सापडते ती बहुतेक वेळा अशाच माणसाच्या.

मग खुलासा मागणारा मेमो निघतो, त्या दिवशी जी ड्युटीवर होती तिच्या नावाने. जखम एका पाळीत झालेली नसते, पण कागदाला एक नाव लागतं. या भीतीपोटी न झालेल्या कामांपुढेही चार्टवर टिकमार्क पडतात आणि कागदावर वॉर्ड उत्तम चाललेला दिसतो. रिकाम्या पदांचा प्रश्न वर कुणाला टोचणार तरी कसा?

म्हणून माझं ठाम मत आहे की हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायच्या वहीत ‘झालं नाही’ असा रकाना हवा. कुठलं काम, कुठला बेड, कारण काय. त्यावरून कुणावरही कारवाई होणार नाही असा लेखी आदेश हवा, आणि महिन्याची बेरीज रिक्त पदांच्या आकड्याशेजारी ठेवून वर जायला हवी. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा लोकांना वाटलं हा फक्त पगाराचा आणि नोकरीचा वाद आहे. असा हिशेब हाती असता तर तो रुग्णांचाही प्रश्न आहे हे दाखवता आलं असतं. युरोपातल्या नऊ देशांच्या, 2014 मध्येच आलेल्या अभ्यासात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियात 2004 पासून एका परिचारिकेमागे किती रुग्ण हे प्रमाण कायद्याने बांधलेलं आहे.

नातेवाइकांनाही एक सांगते. तक्रार जरूर करा, पण अर्जात त्या रात्री वॉर्डात रुग्ण किती होते आणि सिस्टर किती होत्या ते लिहा, अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे द्या आणि पोच घ्या.