मुदत नेमकी कुणाच्या सोयीची?

लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेला माणूस चाळिशीत बोलला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मग इतकी वर्षं गप्प का?’ लोकांकडे काणाडोळा करता येतो. कायद्यानेच ‘मुदत संपली’ म्हटलं, तर दाद मागायची कुठे?

न्यूयॉर्कमध्ये दिवाणी दाव्याची मुदत पीडिताच्या ऐन विशीतच संपायची. त्या वयात घरच्यांनाही सांगायचं धाडस होत नाही, वकील कुठून गाठणार! २०१९च्या कायद्याने ही मर्यादा वयाच्या ५५ वर्षांपर्यंत नेली आणि जुन्या प्रकरणांसाठी काही काळ दार उघडलं. दहा हजारांहून जास्त दावे आले. त्याआधी हे विधेयक दशकाहून अधिक काळ रखडलं होतं. विरोधात कोण? चर्च आणि विमा कंपन्या. यातच सगळं आलं.

‘पैशांसाठी चाललंय’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. (आणि भरपाई मागितली तर बिघडलं कुठे? उपचार काय फुकट होतात?) फौजदारी खटला बहुतेक वेळा एका माणसापाशी थांबतो. दिवाणी दावा त्याला पाठीशी घालणाऱ्या संस्थेची कपाटं उघडायला लावतो. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स या मुलांच्या संघटनेकडे, मुलांवर अत्याचार केल्याचा संशय असलेल्या स्वयंसेवकांच्या गोपनीय फायली होत्या. ऑरेगनमधल्या एका दिवाणी दाव्यात २०१० साली त्या ज्यूरीपुढे आल्या आणि २०१२ साली न्यायालयाच्या आदेशाने लोकांसाठी खुल्या झाल्या. १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून अधिक फायली! म्हणजे संस्थेला माहीत होतं, नोंदही होती. फक्त आईबापांना पत्ता नव्हता.

साक्षीदार मेले, आठवणी पुसट झाल्या, आता न्याय कसा होणार, हा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. पण सिद्ध करायची जबाबदारी दावा लावणाऱ्यावरच असते, त्यामुळे जुन्या पुराव्याची झळ आधी त्यालाच बसते. बरं, कागद बहुतेकदा प्रतिवादी संस्थेच्याच ताब्यात. गप्प बसून मुदत उलटू द्यायची आणि मग पुरावा कुठाय म्हणून विचारायचं, हे मला पटत नाही.

अर्थात दार उघडलं म्हणजे काम फत्ते झालं असंही नाही. बॉय स्काउट्सने २०२० साली दिवाळखोरीचा अर्ज केला, ८२ हजारांवर पीडितांचे दावे आले आणि सगळे एकाच निधीच्या वाटणीत अडकले. म्हणून थोड्या काळाची सवलत मला अपुरी वाटते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१५ साली अशा दाव्यांची मुदतच काढून टाकली. संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आयोगाने (रॉयल कमिशनने) तर अशा प्रकरणांच्या नोंदी संस्थांनी किमान ४५ वर्षं जपाव्यात अशी शिफारस केली. मला दोन्ही हवं. नुसती मुदत काढली आणि कागद जाळायची मोकळीक ठेवली, तर पीडिताने कोर्टात दाखवायचं काय?