काळी पाटी म्हणजे जुनी पाटी नव्हे

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक निरोप हातोहात फिरतो आहे. मजकूर थोडाफार बदलतो, पण सार असं: ‘गाडी जुनी असेल तर बिनधास्त काळी नंबरपाटी लावा. पूर्वी सगळ्या गाड्यांना काळीच असायची, एमएच नंबर आले आणि पांढरी झाली. पन्नाशी उलटलेल्या गाडीला व्हीए नंबर घ्यावाच लागतो, पण एकदा घेतला की गाडी कुठेही फिरवा. जुन्या गाड्यांना एचएसआरपी लागू नाही. इंग्लंडमध्येसुद्धा काळीच चालते.’

(व्हीए ही विंटेज गाड्यांची क्रमांकमालिका, आणि एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी.) प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. आता एकेक घेऊ.

‘पूर्वी सगळ्या गाड्यांना काळीच असायची.’

सगळ्या नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं ही खाजगी गाडीची खूण होती. टॅक्सी, ट्रक, बस, म्हणजे भाड्याने धावणारं जे काही असेल त्याची पाटी पांढरी आणि अक्षरं काळी. आज आपल्या दारातल्या मोटारीला जी रंगसंगती आहे, ती तेव्हा टॅक्सीची होती. त्यामुळे १९६५ ची ॲम्बेसेडर झकास रंगवून पांढऱ्या पाटीसह उभी केली, तर त्या काळचा हवालदार मीटर कुठे आहे असं विचारेल.

उलट चूक टॅक्सीवाल्या हौशींची. प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी रंगवायची, वर कॅरिअर, आत मीटर, सगळं बेतशीर; आणि पाटी मात्र एक तर काळी, नाहीतर पिवळी. काळी तर टॅक्सीला नव्हतीच. पिवळी नंतरची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, क्रमांक एमएच ०१ जेए २५५६, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तिची हुबेहूब प्रतिकृती करायची असेल तर पिवळी पाटी बरोबर. १९७८ ची टॅक्सी करायची असेल तर पांढरी.

‘एमएच नंबर आले आणि पांढरी झाली.’

निरोपातलं हे सगळ्यात फसवं वाक्य, कारण ते जाणकार माणसाच्या तोंडचं वाटतं. इथे दोन वेगळे बदल एकत्र कालवले आहेत. राज्याची दोन अक्षरं, मग आरटीओचा आकडा, ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याबरोबर आली. तो लागू झाला १ जुलै १९८९ ला. पाटीचा रंग मात्र तेव्हा बदलला नाही. खाजगी गाड्यांची काळी पाटी पुढे दहा-बारा वर्षं टिकली आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पांढरी झाली.

पटत नसेल तर नव्वदीतला घरचा अल्बम काढा. लग्नाच्या वरातीतली फुलांनी मढवलेली मारुती सापडेलच. झेंडूच्या माळेखालून डोकावणारी पाटी काळी असेल आणि तिच्यावर पांढऱ्यात एमएच १२ किंवा एमएच ०९.

म्हणून १९९४ च्या झेनवर काळी पाटी आणि एमएच क्रमांक हे अगदी त्या काळाला धरून आहे, त्याला ‘विसंगत’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी जरा थांबावं. १९७२ ची फियाट एमएच क्रमांकाने दिसली, तर त्यातही खोटं काही नाही. ती गाडी १९८९ नंतर केव्हातरी नव्याने नोंदली गेली, बहुधा दुसऱ्या राज्यातून आली, एवढंच तो क्रमांक सांगतो. तो तिचा खरा प्रवास आहे.

पण इथेच काहीजण घसरतात. एमएच शोभत नाही म्हणून बीएमने सुरू होणारा एखादा मुंबईछाप क्रमांक मनानेच रचून पाटीवर लिहितात. असं करू नये. एक तर हा गुन्हा आहे. दुसरं, तो क्रमांक कदाचित आजही कोणाच्या तरी गाडीचा असेल. आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त खुपणारं: जुन्या गाडीत क्रमांक हीच एक गोष्ट बाजारातून नवी आणता येत नाही. बंपर मिळतो, हेडलाइट मिळतात, अपहोल्स्टरी शिवून होते. मारुती ८०० च्या पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत सुपूर्द झाली. तिच्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या पुढे लाखोंनी निघाल्या. त्यांतून तिला वेगळं काढतो तो डीआयए ६४७९ हा क्रमांक.

राज्यांची नावं बदलतात, क्रमांक राहतात. म्हैसूरचं कर्नाटक झालं तरी एमवाय अक्षरांच्या गाड्या धावत होत्या, मद्रासचं तमिळनाडू झालं तरी एमएस. आजही तेच: ओडिशात ओआर जाऊन ओडी आलं, तेलंगणात २०२४ मध्ये टीएस जाऊन टीजी आलं, पण आधीच्या गाड्यांनी आपली जुनी अक्षरंच ठेवली.

‘व्हीए नंबर घ्यावाच लागतो, मग कुठेही फिरवा.’

दोन्ही अर्धी चूक. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची दुचाकी वा चारचाकी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली, ती विंटेज. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. राज्याची अक्षरं आणि पुढे व्हीए ही मालिका नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीसाठी आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००, मुदत १० वर्षं. ज्याच्याकडे बापजाद्यांचा बीएम क्रमांक कागदपत्रांसह शाबूत आहे, त्याने तो कोणाच्या तरी सांगण्यावरून सोडणं म्हणजे हातची पैठणी देऊन साडीचोळी घेणं.

आणि ‘कुठेही फिरवा’ तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, इतकीच मोकळीक. रोज ऑफिसला जायला ही नोंदणी नाही, धंद्याला तर नाहीच नाही. शिवाय ५० म्हणजे ५०. सुरुवातीची मारुती ८०० आपल्या डोळ्यांना कितीही जुनी वाटो, २०३३ च्या आत ती या नियमात बसत नाही.

‘जुन्या गाड्यांना एचएसआरपी लागू नाही.’

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाच तर ती बसवून घ्यायला सांगितलं. मुदती वाढत गेल्या, म्हणून लोकांनी ‘लागू नाही’ असा सोयीचा अर्थ काढला. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला आकडा, न उघडणारं लॉक: हे सगळं १९५० च्या क्रोमवर उपरं दिसतं, मान्य. पण जुना क्रमांक ठेवण्याची मुभा क्रमांकाची आहे, रंगाची नाही. वर आज काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं ही स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची खूण आहे, त्यामुळे रस्त्यावर काळी पाटी दिसली की प्रश्न विचारले जाणारच. अक्षरं इंग्रजी आणि आकडेही 1, 2, 3 अशा इंग्रजी वळणाचे हवेत, त्यामुळे देवनागरी पाटीचा हट्टही घरीच ठेवावा.

माझा तोडगा साधा आहे. रस्त्यासाठी एचएसआरपी. काळी पाटी वेगळी रंगवून डिकीत, आणि मैदानावर गाडी उभी केली की ती पुढे टांगायची. त्याआधी आपला जुना तीन अक्षरी क्रमांक सरकारच्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढलेला आहे ना ते बघा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या कागदी नोंदीची संगणकात नोंद, करून घ्यावी लागते.

‘इंग्लंडमध्येसुद्धा काळीच चालते.’

तिथे चालते, हे खरं. १ जानेवारी १९८० पूर्वी बनलेल्या आणि ऐतिहासिक वर्गात नोंदलेल्या गाडीला तिकडचा कायदा काळी पाटी लावू देतो. गंमत म्हणजे नव्या गाड्यांना चकाकणारी पांढरी-पिवळी पाटी तिथे १९७३ पासूनच सक्तीची झाली होती. म्हणजे १९७६ च्या गाडीवर काळी पाटी कायद्याला चालते, काळाला चालत नाही.

आपल्याकडे मात्र या वाक्याने वेगळाच घोटाळा केला. लोक तिकडच्या साच्यातल्या, उठावदार चंदेरी अक्षरांच्या पाट्या मागवून इथल्या जुन्या लँडमास्टर मोटारीला लावतात. त्या पाट्यांवरचं चार्ल्स राइट हे अक्षरवळण ब्रिटिश आहे. आपली पाटी पेंटर रंगवायचा: पत्र्यावर काळा इनॅमल, खडूने आखलेल्या दोन रेघा, ब्रशने काढलेला थोडा पोटाळलेला ५ आणि शेपूट वळवलेला ९. रेडियमची अक्षरंही नकोत, ती बरीच नंतरची. पाटी करून घ्यायला जाताना त्याच गावचा, त्याच दशकातला एखादा रस्त्याचा फोटो सोबत न्या आणि पेंटरला सांगा, हा ५ असाच हवा.