वायरिंगचा हिशोब स्लॅब पडायच्या आधी मांडा

पावसाळा सरला की आमच्या सातारा-कराड पट्ट्यात घरांची कामं निघतात. दसऱ्याला नाहीतर पाडव्याला मुहूर्त, आणि पुढचा पाऊस उतरायच्या आत स्लॅब पाडायची घाई. सिमेंट कुठलं, सळई किती एमएमची, फरशी दोन बाय दोनची की दोन बाय चारची, यावर घरात महिनोन्महिने खल होतो. लाइटच्या कामाचा विषय मात्र निघतो स्लॅबच्या आदल्या दिवशी. "उद्या स्लॅब आहे, पाइप टाकायला पोरं पाठवा." मी वायरिंगची कामं घेतो. असा फोन आला की जीव तुटतो, कारण त्या घराचे पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचे निर्णय आता एका संध्याकाळीत, तेही घरच्यांना न विचारता होणार असतात.

म्हणून मनापासून सांगतो. विजेच्या कामाचे पैसे उरल्या-सुरल्यातून काढू नका, पहिल्या एस्टिमेटमध्येच बाजूला ठेवा. आणि हात आखडायची वेळ आलीच, तर डोळ्यांना दिसतं तिथे आखडा. प्लास्टरच्या आत जे जातं, त्यात एक रुपयाही कमी करू नका.

बहुतेक एस्टिमेटमध्ये 'इलेक्ट्रिक काम - लमसम' अशी एकच ओळ असते. त्या ओळीवर सही करू नका. वायर कुठल्या कंपनीची, कुठल्या खोलीला किती स्क्वेअर एमएमची, पाइप लाइट (पातळ) की मीडियम (जाड), डीबीत, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनी जिथून फुटतात त्या पेटीत, काय काय बसणार, अर्थिंगचे खड्डे किती, हे लिहून मागा. पॉइंटच्या दराने काम दिलं असेल तर एसीचा पॉइंट आणि साध्या बल्बचा पॉइंट एकाच दरात धरलाय का, तेही विचारा. एसीची लाइन थेट डीबीपासून जाड वायरने येते, त्यात माल दुपटी-तिपटीने जातो. दर एकच असेल तर कुणीतरी कुठेतरी वायर बारीक करणार, हे धरून चाला. शिवाय तांब्याचा भाव सारखा हलतो. डिसेंबरातलं कोटेशन मे महिन्यात टिकेलच असं नाही, तेव्हा दहा-पंधरा टक्के जास्तीचे धरलेले बरे.

सुरुवात पैशांपासून नव्हे, वस्तूंच्या यादीपासून करा. आणि ती यादी घरातल्या बायकांना घेऊन करा, हा माझा आग्रह आहे. विटांचं काम झालं की मी खडू घेऊन स्वयंपाकघरात उभा राहतो. "काकू, मिक्सर कुठल्या हाताला लागतो? फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडणार? इंडक्शन ओट्यावर की खाली?" सगळं भराभर सांगून होतं. मग मी विचारतो, "आणि घरघंटी?" तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. घरघंटीची मोटर साधारण एक हॉर्सपॉवरची, म्हणजे पाऊण किलोवॅटची. तिला स्वतःचा १६ अँपचा पॉइंट हवा, तोही पीठ उडून चालेल अशा जागी. तो ठरला नाही की दोन वर्षांनी एक्स्टेन्शन बोर्ड ओट्याखालून फिरतो, ओल्या फरशीवरून. वॉटर फिल्टर, चिमणी, ओव्हन यांचंही तसंच. देवघरातली समई विजेची असेल तर तिचा पॉइंट, गॅलरीत आकाशकंदिलाचा, गणपतीच्या आराशीसाठी कोपऱ्यातला, तुळशीपाशी एक, फाटकाजवळ एक. हे सगळं आत्ता सांगितलं तर पाइपभर खर्च. नंतर सांगितलं तर भिंत कापून झिऱ्या मारायच्या, पुन्हा गिलावा, पुन्हा रंग.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या पलंगावर स्वतः आडवं होऊन बघा. पडल्या पडल्या हात पोचेल तिथे दिव्याचं बटण, आणि पलंगाशी व संडास-बाथरूममध्ये घरच्यांना हाक मारायला बेलचं बटण. याला खर्च किरकोळ येतो. पण नकाशावर हे कुणी काढत नाही, म्हणून राहून जातं.

यादी झाली की प्रत्येक वस्तूपुढे वॅट लिहा. साधं दोन बेडरूमचं घर धरू. दिवे १५०, पाच पंखे ३७५, दीड टनाचा एसी १,७००, गिझर २,०००, हीटरवालं वॉशिंग मशीन २,०००, मायक्रोवेव्ह १,२००, इस्त्री १,०००, मिक्सर, घरघंटी आणि पाण्याची मोटर प्रत्येकी ७५०, फ्रिज २००. बेरीज होते १०,८७५ वॅट, म्हणजे जवळपास ११ किलोवॅट. हे सगळं एका वेळी चालत नाही. निम्मं धरलं तरी साडेपाच किलोवॅट, म्हणजे २३० व्होल्टला साधारण २४ अँप. महावितरणकडे अर्ज करताना भार किती मागायचा, सिंगल फेजवर भागेल की थ्री फेज लागेल, हे या कागदावरून ठरतं, शेजाऱ्याने काय घेतलं त्यावरून नाही. थ्री फेजला दर महिन्याचा स्थिर आकार जास्त पडतो. गरज नसताना तो का भरायचा? आणि दोन-तीन एसी, मोठी मोटर, पुढे गाडीचं चार्जिंग असं डोक्यात असेल तर आत्ताच घ्या, म्हणजे डीबी त्या हिशोबाचा बसतो.

वायरचं थोडक्यात सांगतो. दिवे-पंख्यांना १.५ स्क्वेअर एमएम, १६ अँपच्या पॉइंटला २.५, गिझर आणि एसीला मी ४ ची ओढतो, मेनला ६ किंवा १०, भाराप्रमाणे. बंडलवर आयएसआयची खूण आणि तिच्याखालचा परवाना क्रमांक बघा. तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. वायर जेवढी, तेवढाच एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा डीबीतला खटका. सारखा पडतो म्हणून १६ चा एमसीबी काढून ३२ चा बसवलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे आता भिंतीतली वायर आधी तापणार आणि एमसीबी गप्प बसणार.

आता जिवाचा विषय. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवत नाही. ६ अँपचा एमसीबी तेवढ्या प्रवाहापर्यंत जागचा हलत नाही, आणि माणसाच्या हृदयावर बेतायला त्याच्या शंभराव्या भागाइतकाही पुरू शकतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, तेवढाच परत येतोय का, हे तो सतत तोलत असतो. ३० मिलीअँपपर्यंतचा फरक पडला, म्हणजे वीज कुणाच्या अंगातून किंवा गिझरच्या टाकीतून जमिनीकडे चालली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो लाइन तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीला हीच ३० मिलीअँपची मर्यादा आहे. चांगला टू-पोल आरसीसीबी दीड ते अडीच हजारांत येतो. हॉलच्या पीओपीत तेवढ्याचे दिवे कुणी मोजतही नाही, आणि इथे मात्र 'कशाला हवाय' विचारतात. दरवर्षी पावसाळ्यात ओल्या भिंतीचा, कपडे वाळत घालायच्या तारेचा, मोटरीचा शॉक लागून गेलेल्या माणसांच्या बातम्या येतात. त्या वाचायला माझं मन धजत नाही.

बसवलेला आरसीसीबी लोक काढूनही टाकतात, कारण तो विनाकारण पडतो म्हणे. विनाकारण तो क्वचितच पडतो. बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल आणि मेनचा न्यूट्रल एखाद्या बोर्डात एकत्र पिळलेला असतो. मग गेलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेने परततो, आणि आरसीसीबीला ती गळतीच दिसते. उपाय एकच. इन्व्हर्टरवर काय चालणार ते आधी ठरवा आणि त्याचा फेजही वेगळा, न्यूट्रलही वेगळा, थेट डीबीपर्यंत. वायर थोडी जास्त जाते, जाऊ द्या.

आरसीसीबीच्या जोडीला अर्थिंग. पूर्वी अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळून देत. ते तेव्हाही बरोबर नव्हतं, आणि आता नळ प्लॅस्टिकचे झाल्यावर त्या तारेला जमीनच उरली नाही. घराला स्वतःचा अर्थिंगचा खड्डा हवाच. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोकणात जांभ्यात ओल टिकत नाही, त्यामुळे खड्डा करून विसरून चालत नाही. वर झाकण आणि पाणी ओतायला सोय ठेवा, जमलं तर बाथरूमच्या सांडपाण्याच्या नव्हे पण बागेच्या ओलीजवळ घ्या. आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टर लावून आकडा बघा. नुसती हिरवी वायर बोर्डात दिसली म्हणजे अर्थिंग झालं असं होत नाही.

स्लॅबच्या दिवशी घरच्या कुणीतरी सकाळी वर चढावं. खालची सळई बांधून झाली की तिच्यावर पाइप अंथरतात, मग वरची सळई. पंख्याचा बॉक्स सळईला तारेने घट्ट बांधलाय का, बॉक्समध्ये कागद नाहीतर थर्माकोल भरलाय का, पाइपचे सांधे सोल्युशन लावून बसवलेत की नुसतेच खुपसलेत, एवढं बघा. काँक्रीट पडताना घमेलीवाल्यांचे पाय, व्हायब्रेटरची सुई सगळं त्याच पाइपांवरून जातं. एक सांधा निसटला की आत सिमेंटचं पाणी शिरतं. ते कळतं दोन महिन्यांनी, वायर ओढताना स्प्रिंग मध्येच अडते तेव्हा. वायरमन स्लॅब संपेपर्यंत तिथेच थांबेल, हे ठरवताना बोलून घ्या. आणखी दोन-तीन मोकळे पाइप टाकून ठेवा. गच्चीपासून मीटरपर्यंत एक सोलरसाठी. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, आज नाही तर उद्या तुम्ही सोलर घेणारच. एक गाडी लावायच्या जागेपर्यंत, एक कॅमेरा-इंटरनेटसाठी. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडेल.

मग बचत कुठे? महागडे काचेचे स्विच, रिमोटचे बोर्ड, छतातले रंगीत दिवे, झुंबर, सगळं थांबू शकतं. साधे आयएसआयचे मॉड्युलर स्विच आज लावा, हवे तर पाच वर्षांनी प्लेटा बदला, एका दिवसाचं काम आहे. खोल्यांत झुंबराऐवजी होल्डर टांगून राहिलात तरी चालेल. भिंतीतली वायर बदलायला मात्र घर रिकामं करावं लागतं.

पैसे चार टप्प्यांत द्या. स्लॅबचे पाइप, भिंतीतले पाइप आणि बॉक्स, वायर ओढणं, शेवटी फिटिंग. मीटरसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. घर न बघता सही केलेला असा कागद मिळतोही, पण तो घेऊ नका. सही करणाऱ्याला घरी बोलवा, तुमच्यासमोर ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र, लावायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये किमान १ मेगाओहम आलाच पाहिजे, नव्या वायरिंगला तर त्याच्या कितीतरी पट येतो. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. गिझर, एसी, इस्त्री एकदम चालू ठेवून अर्ध्या तासाने डीबीवर हात फिरवा, कुठे ऊन लागतंय का. हे सगळं नीट निघालं की शेवटचा हप्ता द्या.