किल्ली बदलते म्हणून इंटरनेट बंद पडत नाही

परवा सांगलीहून मावशीचा फोन आला. वय 71, घरी एकटी. "अरे, मुदत ठेव मोडून पैसे घरी आणलेत. घटस्थापनेपासून दोन दिवस इंटरनेट बंद ना? मग औषधं कशी घ्यायची?" व्याज बुडालं ते बुडालंच, वर लाखभर रुपये कपाटात. तिला आलेला निरोप मागवून घेतला. तो थोडक्यात असा: 11 ऑक्टोबर 2026 पासून 48 तास जगभर इंटरनेट बंद. इंटरनेटच्या सात किल्ल्या सात माणसांकडे आहेत, ती माणसं गुपचूप किल्ली बदलणार आहेत. एटीएम, यूपीआय चालणार नाही, रोख काढून ठेवा. आणि तुमच्या फोनमधली किल्ली खालच्या लिंकवरून आजच बदलून घ्या.

डीएनएसचं, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचं, काम करून माझी चौदा वर्षं झाली. हाच निरोप 2018 सालीही फिरला होता, फक्त तारखेचं साल वेगळं होतं. तेव्हा गप्प बसलो. आता बसणार नाही.

सगळ्यात आधी ती लिंक, कारण बाकी सगळं चुकीचं आहे पण हे घातक आहे. ज्या किल्लीबद्दल ही चर्चा आहे ती तुमच्या फोनमध्ये नसतेच. संकेतस्थळांच्या नावांवरची सही, म्हणजे मिळालेला पत्ता खरा असल्याची डिजिटल खूण, तपासण्याचं काम फोन करत नाही. ते इंटरनेट कंपनीचा किंवा गूगल, क्लाउडफ्लेअर यांचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, करतो. म्हणजे 'फोनची किल्ली बदला' सांगणारा प्रत्येक माणूस तुम्हाला फसवतोय. मावशीने ती लिंक दाबली होती. पुढच्या पानावर मोबाईल नंबर आणि ओटीपी मागितला, तेव्हा तिने मला फोन केला. पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

आता 'गुपचूप'. डीएनएसच्या मुळाशी जो रूट झोन, म्हणजे सगळ्यात वरची यादी आहे, तिच्या सह्यांच्या मुख्य किल्लीला केएसके म्हणतात. नवी केएसके एप्रिल 2024 मध्ये तयार झाली, तिचा क्रमांक 38696. 11 जानेवारी 2025 पासून ती रूट झोनमध्ये सगळ्या जगाला दिसते आहे. तिने सही करायला सुरुवात व्हायची आहे 11 ऑक्टोबर 2026 ला. हे वेळापत्रक आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, स्वतःच जाहीर केलंय आणि साक्षीदारांसमोर किल्ली वापरायचे जे समारंभ होतात ते थेट प्रक्षेपित होतात. मी काल रात्री डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा चालवून रूटच्या किल्ल्या मागितल्या, तर जुनी 20326 आणि नवी 38696 दोन्ही शेजारी शेजारी. जुनी आणि नवी एकवीस महिने एकत्र ठेवायची, मगच सही नवीने करायची. मावशीला मी हे बँकेच्या भाषेत सांगितलं: नवी नमुना सही आधी बँकेत देऊन ठेवायची, ती सगळीकडे नोंदली गेली की मग त्या सहीचा चेक काढायचा. त्यासाठी बँक दोन दिवस बंद ठेवतात का? तिला लगेच पटलं.

हिच्या हाताखालची, रोजच्या सह्यांची किल्ली, झेडएसके, तर दर तिमाहीला बदलते. तुम्हाला कधी कळलं?

48 तासांत मात्र अर्धं सत्य आहे, ते मान्य करायलाच हवं. रिझॉल्व्हर रूटच्या किल्ल्यांची यादी 48 तासांपर्यंत लक्षात ठेवतो. त्यामुळे बदल सगळीकडे पोचायला तेवढा वेळ जातो. ते 48 इथूनच आले असणार. आणि ज्या कंपनीच्या सही तपासणाऱ्या रिझॉल्व्हरने नवी किल्ली नोंदलेलीच नाही, तिच्या ग्राहकांना खरंच काही उघडणार नाही. पण तो त्या एका रिझॉल्व्हरचा घोळ, जगाचा नाही, आणि काम कळलेला माणूस तो काही मिनिटांत सोडवतो.

तपासणी किती बारकाईने होते ते 2017 सालीच दिसलं. केएसकेचा याआधीचा बदल 11 ऑक्टोबर 2017 ला ठरला होता. बरेच रिझॉल्व्हर तयार नाहीत असं आकडे सांगू लागल्यावर आयकॅनने तो सप्टेंबरातच पुढे ढकलला, आणि शेवटी तो तब्बल एक वर्ष लांबला. तयार नसलेल्यांत मी तेव्हा होतो त्या कंपनीचाही एक रिझॉल्व्हर होता. नवी किल्ली तीस दिवस सलग दिसली की रिझॉल्व्हर ती आपणहून फाइलमध्ये नोंदवतो. आमच्या त्या फाइलवर लिहायची परवानगीच नव्हती. फाइलची तारीख जुनीच आहे हे एका दुपारी नजरेस पडलं म्हणून कळलं. परवानगी दिली, आधी 'अ‍ॅडपेंड' (नोंद प्रलंबित) आणि महिन्याने 'व्हॅलिड' (मान्य) दिसलं. अखेर 11 ऑक्टोबर 2018 ला, आपल्याकडे रात्री साडेनऊला किल्ली बदलली. आम्ही स्क्रीनसमोर बसून होतो. आलेख हललासुद्धा नाही. पडताळणी करणाऱ्या रिझॉल्व्हरच्या 99 टक्क्यांहून जास्त वापरकर्त्यांना काही जाणवणार नाही, असा आयकॅनचा अंदाज होता. जगभरात तुरळक तक्रारी आल्या, बस.

सात माणसं? अमेरिकेत कल्पेपर आणि एल सेगुंडो अशा दोन जागा आहेत. प्रत्येक ठिकाणी सात विश्वस्त नेमलेले असतात, त्यांतले तिघे आले की काम होतं. त्यांच्या हाती किल्ली नसते. किल्ली ज्या यंत्रात बंद आहे ते चालू करणारी कार्डं त्यांच्यामुळे मिळतात. फेब्रुवारी 2020 मध्ये एल सेगुंडोच्या तिजोरीचं कुलूपच बिघडलं, ते फोडावं लागलं आणि समारंभ चार दिवस लांबला. इंटरनेट बंद पडलं? नाही, कारण सह्या पुढच्या तिमाहीसाठी आधीच करून ठेवतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोविडमुळे एकदम नऊ महिन्यांच्या सह्या करून ठेवल्या.

एटीएम आणि यूपीआयचं वेगळं सांगायला नको. ज्याचा पाया खोटा त्यावरची भीतीही खोटी.

मावशी सोमवारी पैसे परत बँकेत ठेवणार आहे, मी सांगलीला जातोय. ज्या भाच्याने हा निरोप तिला पाठवला त्याने तो गटातून काढावा आणि पुढे ज्यांना पाठवला त्यांना फोन करावा, लिंक कुणी दाबली का ते विचारायला. आणि तुमच्यापैकी कुणी रिझॉल्व्हर सांभाळत असाल, तर आज किल्ल्यांच्या फाइलमध्ये 38696 'व्हॅलिड' आहे का बघा. नसेल तर फाइलची परवानगी आधी तपासा.