लाइन गेली म्हणजे लाइनच गेली

आज डोकं सटकलेलं आहे, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं.

दुपारी भाचीचा इंटरव्ह्यू होता, लॅपटॉपवर. चांगला चालून राहिला होता म्हणे. मध्येच लाइन गेली, म्हणजे वीज. मे महिना, नागपूर, भरदुपार, अख्ख्या मोहल्ल्याचे कूलर आणि एसी एकदम सुरू, जाणारच. पोट्टीनं घाईघाईत मोबाइलचं नेट जोडलं, परत आत शिरली आणि म्हणाली, "सॉरी सर, लाइन गेली होती." पलीकडचे साहेब मुंबईचे, मराठीच. ते म्हणाले, "लाइन गेली? कोण घेऊन गेलं?" स्क्रीनवर बाजूच्या दोन खिडक्यांमधले दोघं हसले. वर साहेबांची फुकटची शिकवणी, की इंग्रजी शब्द वापरायचा तर त्याचा अर्थ माहीत असावा.

हसले त्याचं इतकं नाही. नंतर ती खोलीतून बाहेर येऊन मला विचारते, "मावशी, आपण चुकीचं बोलतो का गं?" तिथं माझं टाळकं फिरलं.

लाइनमनची नात आहे ती! तिला लाइन म्हणजे काय ते हे शिकवणार?

बाबा बोर्डात होते. बोर्ड म्हणजे एमएसईबी. २००५ मध्ये त्याच्या महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा वाटण्या झाल्या, तरी आमच्या घरी अजून बोर्डच. मी शाळेत असताना त्यांची ड्यूटी काटोलकडे होती, संत्र्याच्या पट्ट्यात. एका उन्हाळ्यात संध्याकाळी असं वादळ आलं की टिनाची छपरं उडून दुसऱ्याच्या वावरात पडली. अंधार झाला आणि अर्ध्या तासात आमच्या दारात गर्दी. "भाऊ, लाइन गेली ना!" एकानंही लाइट म्हटलं नाही, वीजपुरवठा तर नाहीच नाही. बाबांनी पिशवी घेतली. पक्कड, रबरी हातमोजे, टॉर्च आणि अर्थिंगचा दांडा. आणि अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाइन धरून पायी निघाले, एकेक खांब बघत, चिखलातून, लोकांच्या बागांमधून. लाइन धरून म्हणजे हात लावून नाही हो, पुणेकर मित्रांसाठी सांगते! तारेखालून, तारेच्या मागं मागं.

त्याच सुमाराची गोष्ट. शहरातल्या मावसबहिणींकडून शिकून आल्याच्या ऐटीत मी बाबांना म्हटलं होतं, "लाइट गेली." बाबा म्हणाले, "लाइट कुठं गेली? बल्ब तर थो लटकून राहिला. गेली ते लाइन." आता सांगा, यात चूक काय आहे? दिवा जागेवर, पंखा जागेवर, मीटर जागेवर. खांबावरून घरात येणारी जी तार, तिच्यातला जीव गेला. तारेला इंग्रजीत लाइनच म्हणतात. वादळात खांब पडले की तिकडचे इंग्रजी बोलणारेही लाइनी पडल्या असंच म्हणतात, आणि जोडायला जातो त्याला लाइनमन. फोन मध्येच मुका झाला तर लाइन मेली म्हणतात. त्यांची मेलेली चालते, आमची गेलेली चालत नाही, हा कुठला न्याय!

बरं, साहेबांच्या मुंबईकडे काय आहे? "कोणत्या लाइनला राहतोस?" सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर. तिथं लाइन म्हणजे राहण्याचा पत्ता. मरीन लाइन्सला उतरून कोणी विचारतं का, बाबा रे, समुद्रात कोणती लाइन आखली आहे? ते नाव मरीन बटालियन लाइन्सवरून आलं. फौजेचे तंबू, बराकी रांगेत असायच्या म्हणून वस्तीलाच लाइन्स. आमचं सिव्हिल लाइन्स त्याच खानदानातलं. फौजेच्या लाइनी वेगळ्या, मुलकी साहेबांच्या वेगळ्या. इंग्रज साहेब गेले, विधानभवन आणि हायकोर्टाचं खंडपीठ तिथं आहे, आणि आमची पोलीस लाइन टाकळीही आहे. नागपुरात रिक्षावाल्याला नुसतं "लाइन" म्हटलं तर तो विचारेल, कोणती? सिव्हिल की पोलीस? त्याला हसू येत नाही. त्याला भाषा येते.

आता तर मेट्रोच्याही लाइनी आहेत. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ऑरेंज, लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ॲक्वा, आणि बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, दोघींची भेट. त्याआधी नागभीडला जाणारी छोटी लाइन होती, २०१९ मध्ये ती बंद झाली मोठी करायला. छोटी लाइन म्हणजे नॅरो गेज हे आमच्या आजीला कोणी इंग्रजीतून समजावलं नव्हतं.

शब्द कसा राबतो बघा ना. पोराचं लग्न ठरवताना "कोणत्या लाइनमध्ये आहे?" पोरगं कॉलेजात लाइन मारून राहिलं. पोरीनं लाइन दिली की नाही यावर टपरीवर बैठक. बिघडला तर लाइनवर आणा. नळाची लाइन फुटली, गटाराची तुंबली, रेशनला लाइन लागली, दोन लाइनी लिहून दे, काम झालं तर लाइन क्लिअर. हा शेवटचा तर रेल्वेतून आला. पुढच्या स्टेशनानं लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी हलत नसे. आणि रांगेला लाइन म्हणणं हेही काही गावंढळ नाही. इंग्रज क्यू म्हणतो, अमेरिकन लाइनच म्हणतो. साहेबांचे क्लायंट कुठले असतील ते तुम्हीच ओळखा.

शब्दाचं मूळ वाचलं तेव्हा तर मला हसूच आलं. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस. जवसाच्या झाडापासून निघणारा धागा तो लिनेआ, त्यावरून लाइन, आणि लिननचं कापड त्याच घरचं. जवस! आमच्या ताटात रोज चटणी असते त्याची, तेल टाकून. शास्त्रीय नावातही लिनम आहे आणि पुढे उसिटाटिसिमम, म्हणजे सगळ्यात कामाचं. मग त्या शब्दावर साहेबांपेक्षा आमचा हक्क थोडा जास्तच नाही का?

हां, मान्य. अनोळखी माणसाशी, नोकरीच्या ठिकाणी, पॉवर गेली म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. मान्य, पण बस, इतकंच. कारण न समजल्याचं दुखणं नव्हतंच. अर्थ कळल्याशिवाय कोणी असा विनोद करत नाही. त्यांना कळलं होतं, आणि कळूनही समोरच्या पोरीला लहान करायचं होतं. कोराडी आणि खापरखेडा आमच्या उशाशी आहेत. तिथली वीज राज्यभर जाते. तुमच्या एसीचा गारवा आमच्याकडून येतो आणि गेली तर कशी गेली म्हणायचं हे मात्र तुम्ही ठरवणार!

आणि एक. त्याच इंटरव्ह्यूत तिला विचारलं होतं, डेडलाइन पाळता येते का. पुन्हा लाइनच. हा शब्द कुठून आला माहीत आहे? १८६४, अमेरिकेतलं यादवी युद्ध, जॉर्जियातला अँडरसनव्हिलचा कैदी तळ. भिंतीच्या आत एक आडवं कुंपण होतं. कैद्यानं ते ओलांडलं की पहारेकरी गोळी घाली. ती डेडलाइन. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून तो शब्द वेळेवर येऊन बसला, आणि आता एक्सेलची शीट संध्याकाळी सहाला पाठवली नाही तर डेडलाइन हुकते.

आता बाबांची वादळाच्या त्या रात्रीची लाइन सांगते. एका संत्र्याच्या बागेच्या बांधावर जंपर, म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा, तुटलेला सापडला. त्यांनी सबस्टेशनवरून परमिट घेतलं होतं, म्हणजे मी सांगेपर्यंत लाइन चालू करायची नाही असा लेखी करार. ऑपरेटर चांगला होता. पण मागं गावातून लोक फोन करून त्याला शिव्या घालून राहिले होते, किती वेळ लावता म्हणून. त्यातल्या कोणाचं ऐकून त्यानं चुकून हँडल टाकून लाइन चालू केली असती तर? बाबांनी खांबावर चढायच्या आधी दांडा लावून तिन्ही तारा जमिनीला जोडल्या, म्हणजे चुकून लाइन आलीच तर वीज जमिनीत जावी. परमिट असलं तरी जोडायच्याच. हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल, आणि सांगताना दरवेळी हाताची ती वरची हालचाल करून दाखवतात, दांडा तारेवर अडकवायची.

आई खाटेवर बसून होती. मी झोपले, मला काय कळत होतं. पहाटे गावभर एकच ओरडा झाला, "आली, आली!" त्यानं जाग आली. पोट्टे अंगणात नाचून राहिले होते. लाइन आली. हे वाक्य मी मेल्यावरही बदलणार नाही.

हल्ली दरवर्षी ४ मार्चला लाइनमन दिवस पाळतात. चांगलं आहे, फुलं-बिलं देतात. त्या दिवशी हेच साहेब लोक फोटो टाकतील, अंधारातल्या दूतांना सलाम वगैरे. तेव्हा बरं कोणी विचारत नाही, लाइनमन म्हणजे कोणाला लाइन मारणारा का!

लिहून राग थोडा उतरला. भाचीला सांगितलं, तू तुझ्या आजोबांची भाषा बोललीस, मान खाली घालायचं काम नाही. तिला पटलं की नाही माहीत नाही, मोबाइलमध्ये डोकं घालून "हाव मावशी" म्हणाली.

बाबांना फोन करून सगळं सांगितलं, अगदी त्या हसणाऱ्या दोघांसकट. मला वाटलं चिडतील. शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "एक इन्व्हर्टर घेऊन टाका ना, मी कधीचा सांगून राहिलो."