दहा प्रश्नांच्या चाचणीवर किती विसंबावे?

‘बहुपर्यायी चाचणी कोणीही तपासली तरी गुण तेच येतात, म्हणून ती विश्वसनीय; दहा प्रश्नांत पाचांपेक्षा कमी गुण मिळाले की विद्यार्थी अप्रगत; आणि एकदा विश्वसनीय ठरलेली प्रश्नपत्रिका कोणत्याही वर्गाला चालते,’ असा दावा शिक्षकांमध्ये बराच फिरतो आहे.

त्यामागची तक्रार, म्हणजे लेखी उत्तरांचे गुण तपासनिसागणिक बदलतात ही, खोटी नाही. स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी १९१२ मध्ये अमेरिकेत इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा शंभरपैकी तीसहून अधिक गुणांची तफावत आढळली. परंतु तपासनिसांचे एकमत हा विश्वसनीयतेचा केवळ एक भाग आहे. त्याच घटकावरचे दुसरे दहा प्रश्न दिले असते, तर एखाद्या मुलाला जवळपास तेवढेच गुण मिळाले असते का, हा खरा प्रश्न आहे. चार पर्यायांचे दहा प्रश्न चाळीस मुलांनी न वाचताच सोडवले, तरी त्यांपैकी सरासरी तीन जणांना पाच किंवा अधिक गुण मिळतील. तपासणी मात्र निर्दोषच असेल.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यावरून मुलांवर शिक्का बसतो. दहा प्रश्नांच्या चाचणीचा विश्वसनीयता गुणांक (गुण किती स्थिर आहेत हे सांगणारा ० ते १ मधील आकडा) ०.५० आहे असे धरू. १९१० पासून वापरात असलेल्या स्पिअरमन-ब्राउन सूत्रानुसार (चाचणीची लांबी बदलली की हा गुणांक किती होईल ते सांगणारे सूत्र), त्याच दर्जाचे प्रश्न वाढवून वीस केले तर तो सुमारे ०.६७ आणि चाळीस केले तर ०.८० होतो. मूळ दहा प्रश्नांतच थांबलो आणि वर्गातील गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) २ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या गुणांपासून साधारण जेवढे ढळतात ते अंतर, सुमारे १.४ गुण येते. म्हणजे चार गुणांचा ‘अप्रगत’ आणि पाच गुणांचा ‘प्रगत’ यांच्यातील अंतर त्रुटीपेक्षाही लहान आहे.

तिसरा दावा तर व्याख्येतच चुकतो. विश्वसनीयता हा छापील कागदाचा गुणधर्म नसून चाचणी देणाऱ्या गटाने मिळवलेल्या गुणांचा आहे. सम आणि विषम क्रमांकांच्या प्रश्नांचे गुण वेगळे करून ते एकमेकांशी कितपत जुळतात हे पाहणाऱ्या अर्धविच्छेद पद्धतीने गुणांक काढणाऱ्या शिक्षकाला हे लगेच दिसते: घटक उत्तम शिकवला गेला आणि सगळी मुले नऊ-दहा गुणांवर पोहोचली, की गुणांतील फरकच उरत नाही आणि गुणांक कोसळतो. अशा वेळी प्रश्नपत्रिका बदलण्याचे कारण नसते. उलट हीच प्रश्नपत्रिका संमिश्र तयारीच्या वर्गाला दिली, तर तोच गुणांक चढलेला दिसेल.