भिंतीला पोट आलं होतं

काल रात्री नाशकात तिवंध्याच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. वाड्याची मागची भिंत बसली, माणसं वाचली, एवढं सगळ्यांना ठाऊक.

बंड्या मांडीवर दोन फोन ठेवून सुरू. "सात मजली टॉवर टाका, खाली पार्किंग! सिंहस्थ तोंडावर आलाय, मार्केट बघा!"

"त्या बोळात दुधवाल्याची रिक्षा वळत नाही. तुझं पार्किंग काय डोक्यावरून नेणार?" सुतारमामा म्हणाले.

मामांनी पिशवीतून तुळईचा वीतभर तुकडा काढला. एक टोक काळं, बोट लावलं की भुगा. दुसऱ्या टोकावर नख उमटेना.

"काळं ते भिंतीतलं. साग काय आपणहून कुजतो? वरचं कौल सरकलं, पाणी मातीच्या भिंतीत मुरलं. त्यावर बाहेरून सिमेंट थापलं, ओल आत कोंडली. भिंतीला पोट आलं होतं, दोन वर्षं सांगतोय."

"मग मालकानं कौल का नाही फिरवलं?" पम्या उसळला.

"साठ रुपये भाड्यात?" नानांचं ठरलेलं उत्तर. मग दोघांचं नळाचं 20 वर्षांपूर्वीचं भांडणही निघालं.

मामांनीच तोडलं. "1999 चा भाडे कायदा काय म्हणतो? मालकानं दुरुस्ती नाही केली तर नोटीस देऊन भाडेकरूनं करावी, खर्च भाड्यातून कापावा. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. साठाच्या हिशेबानं वर्षाचे 720, चौथाई 180. तेवढ्यात गवंडी जिना तरी चढेल?"

मला तर सगळं दुखणं याच 180 रुपयांत दिसतं. मालक वाडा पडायची वाट बघतो, हक्क जाईल म्हणून भाडेकरू हलत नाही, आणि दर पावसाळ्यात दारावर महापालिकेची धोक्याची नोटीस चिकटते.

"सरकारवाडा आहे की जपलेला," बंड्या म्हणाला. "नारोशंकराचं देऊळ आहे. बास झालं!"

"देऊळ दगडाचं, गोदेचा पूर सोसतं. आमच्या मातीच्या भिंतींना वरचं कौल तेवढं धड लागतं, तेही होत नाही. देव ठेवायचे आणि गाव विकायचं, असं चाललंय तुमचं," मामा म्हणाले.

बंड्या गप्प. पम्यानं हळूच विचारलं, "तुझ्या फ्लॅटचं दार कुठल्या वाड्याचं रे?"

"ते होय? जुना साग आहे. पावसाळ्यात अजिबात फुगत नाही, म्हणून घेतलं."

मामांनी तुकडा पिशवीत टाकला आणि असे हसले, की चहावाल्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे बंड्याकडेच मागितले.